राजीनामा स्टेबल आहे

माझा राजीनामा सहा वर्षं रणपिसे मॅडमच्या कपाटात होता. स्टाफरूममधलं लोखंडी कपाट, खालून दुसरा कप्पा, सांगाड्याच्या सुट्या हाडांच्या खोक्यामागे. मी तो दिला होता, त्यांनी घेतला होता, पण ऑफिसात काही गेला नव्हता. रोज सकाळी आठला मॅडम मला बघायच्या आणि विचारायच्या, "काय गं मनीषा, राजीनामा कसा हाय?"

मी म्हणायची, "स्टेबल आहे, मॅडम."

"बरं," म्हणायच्या, आणि आम्ही दोघी आपापल्या कामाला लागायचो.

बाहेरच्या माणसाला वाटेल, या बायका नोकरी करतात की भातुकली खेळतात. माझ्या सासूबाईंनाही तसंच वाटतं. "खुर्चीत बसून पोरींना शिकवायचं, त्यात दमायला काय हुतंय?" असं त्या इंदापूरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगतात. म्हणून आधी ती खुर्ची कशी असते ते सांगते. पहाटे साडेपाचची एसटी धरून मी बारामतीला येते. सातला गेटवर मुलींची हजेरी, आठनंतर त्यांना घेऊन हॉस्पिटल. वॉर्डात पेशंट पंधरा आणि माझ्या मुली वीस. सुई मुलीच्या हातात, जबाबदारी माझ्या गळ्यात. वॉर्डच्या सिस्टर म्हणणार तुमच्या मुली पायात येतात, डॉक्टर म्हणणार मुली कुठे गेल्या. दुपारी कॉलेजात तास, तासानंतर फाइली, फाइलींनंतर पालकांचे फोन. घरी जाऊन कुकर लावला की ग्रुपवर प्राचार्यांचा मेसेज, 'उद्या सकाळपर्यंत द्यावे.' काय द्यावे ते खाली लिहिलेलं असतं, पण वरचं वाक्य वाचूनच माझी भूक मरायची. खुर्ची या सगळ्यात कुठे येते ते मला अजून सापडलेलं नाही.

मला नोकरीला लागून चौथा महिना चालला होता. त्या दिवशी एका मुलीनं पेशंटच्या मुलाच्या अंगावर बेसिनभर पाणी सांडलं, सिस्टरनं मला मुलींच्या देखत झापलं, आणि कॉलेजात पोचले तर बहात्तर फाइली टेबलावर, दुसऱ्या दिवशी तपासून हव्या. मी सरळ प्रात्यक्षिकाच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि सुशीलाच्या पलंगावर बसून रडले. सुशीला म्हणजे आमची रबरी बाहुली, पुऱ्या बाईएवढी, मुली तिच्यावर सराव करतात. तिचा डावा हात खांद्यातून निखळलेला, तो तिच्या पोटावर ठेवलेला असायचा. माझ्या पर्समध्ये राजीनामा होता, दोन दिवसांपूर्वी एसटीत लिहिलेला.

रणपिसे मॅडम आत आल्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, उजवा गुडघा जरा विचार करूनच टाकायच्या. नर्सचं घड्याळ छातीवर उलटं पिन केलेलं. काय झालं, का रडतेस, काही विचारलं नाही. माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "थांब. मिनिट पुरं होऊ दे."

पूर्ण मिनिट हा त्यांचा हट्ट सगळ्या कॉलेजला माहीत होता. पंधरा सेकंद नाडी मोजून चारनं गुणणारी मुलगी त्यांच्या तावडीत सापडली की तिची धडगत नसे. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी आणि इंग्रजी शब्द बोलायच्या, पण रागावल्या की थेट त्यांची भाषा यायची. "गुणाकार शाळंत करायचा. हितं माणूस मोजायचाय."

मिनिट संपलं. "एकशे आठ," त्या म्हणाल्या. "बोल आता."

मी कागद काढून दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, आणि खिशातून लाल पेन काढलं. मी बघतच राहिले. 'कामाच्या ताणामुळे मी पदाचा राजीनामा देत आहे' या वाक्यातल्या ताण शब्दाला त्यांनी गोल केला.

"कसला ताण? कधीपास्नं? कशानं वाढतो, कशानं उतरतो? झोप लागती का? तुझ्या पोरीनं पेशंटची असली हिस्टरी लिहून आणली तर किती मार्क देशील?"

"तीन," मी नाक पुसत म्हणाले.

त्यांनी माझ्या राजीनाम्यावर वर उजव्या कोपऱ्यात दहापैकी तीन लिहिले आणि कागद परत दिला. "फेर लिहून आण."

मला इतका संताप आला की रडू थांबलं. एवढी मी एमएससी झालेली बाई, आणि माझ्या राजीनाम्याला तीन मार्क. त्या संध्याकाळी एसटीत खिडकीची जागा मिळाली, भिगवण रस्ता सुटेपर्यंतच मी दोन पानं भरली, नुसत्या ईर्ष्येनं. फाइली लिहिल्या, मेसेज लिहिले, चार महिन्यांत बरं केलंस असं एका माणसानंही म्हटलं नाही तेही लिहिलं. 'कशानं उतरतो' या प्रश्नापाशी मात्र पेन अडलं. खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून शेवटी लिहिलं, 'मुलींबरोबर वॉर्डात असताना.' दुसऱ्या दिवशी तो कागद मॅडमना दिला. त्यांनी सावकाश वाचला, शेवटच्या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि पाच मार्क दिले.

"आता ही हिस्टरी झाली," म्हणाल्या. "पाकिटात घाल आणि मला ओव्हर दे."

ड्युटी बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेक पेशंट सांगते, कुणाला ताप, कुणाचं सलाईन कधी संपेल, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. ओव्हर दिली की तो पेशंट दुसरीचा. तुम्ही घरी जायचं. मॅडमनी माझं पाकीट घेतलं, वर लाल शाईनं माझं नाव घातलं आणि नियम सांगितला. "तुझं हाय, मागशील तवा देईन. पण सकाळी मागायचं. संध्याकाळी मागितलंस तर मिळायचं न्हाय."

"का?"

"संध्याकाळी समद्यांनाच नोकरी सोडायची असती."

हा नियम ऐकायला सोपा आहे, पण तो भारी चिवट निघाला. संध्याकाळी मला पाकीट हवं असायचं आणि सकाळी ते मागायची आठवण राहायची नाही. सकाळी एसटीतून उतरलं की मुली गेटपाशी उभ्याच असायच्या, एकीची टोपी विसरलेली, एकीनं डबा आणलेला नाही, एकीची पाळी, एकीचं भांडण. त्यात राजीनामा कुठे मागणार?

ओव्हर फक्त माझीच नव्हती. पाच वाजले की मॅडम स्टाफरूमच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "भोंगा झाला." त्यांचं बालपण वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं होतं, वडील तिथल्या कारखान्याच्या ओतशाळेत कामाला होते, आणि भोंगा झाला की हातातलं हत्यार खाली, असं त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. पेनं खाली ठेवायची. मग ज्याला जे डोक्यात घेऊन घरी जायचं नाही, ते त्यानं शेजारच्याला ओव्हर द्यायचं. घेणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, तुझ्यापेक्षा माझं मोठं असं म्हणायचं नाही. नुसतं "घेतली" म्हणायचं आणि सकाळी परत करायचं. आमचे गावडे सर, जळोचीचे, एरवी सगळ्यांना हसवणारे, ते शेख मॅडमना सांगायचे, "दुसऱ्या वर्षाचा निकाल. तेरा नापास. प्राचार्यांनी बोलावलंय." शेख मॅडम म्हणायच्या, "घेतली." आणि खरंच सांगते, सकाळी शेख मॅडम ते तेरा नापास परत करायच्या तेव्हा ते तेराच असायचे, संध्याकाळसारखे तीसेक वाटायचे नाहीत.

"आणि तुमची ओव्हर, मॅडम?" आम्ही विचारायचो.

"माझी तक्रार न्हाय," म्हणायच्या आणि कपाटाला कुलूप लावायच्या. ते कुलूप दोनदा ओढून बघायच्या. त्यामागे एक गोष्ट होती, ती त्या प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात सांगायच्या.

नव्या नव्या नर्स झाल्या तेव्हा त्या इंदापूरच्या एका दवाखान्यात होत्या. सकाळची ड्युटी दोनला संपली, ओव्हर दिली, एसटीनं वालचंदनगरला घरी गेल्या, जेवायला बसल्या. पर्स उघडली तर आत वॉर्डच्या औषधांच्या कपाटाची किल्ली. तेव्हा कुणाच्या हातात फोन नव्हते. हातसुद्धा न धुता धावत निघाल्या. एसटी गेलेली, उसाचा ट्रॅक्टर दिसला, त्याला हात केला. ट्रॅक्टरवाले तात्या म्हणाले, "बस पोरी, पर दोन ट्रॉल्या हायत, पळायचं न्हाय." सगळा रस्ता त्या चाकावरच्या पत्र्यावर बसून किल्ली मुठीत धरून आल्या, आणि दर मैलाला तात्यांना म्हणत होत्या, "जरा जोरात चालवा की." दवाखान्यात पोचल्या तर मोठ्या सिस्टर कपाटासमोर स्टूल टाकून बसलेल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "ओव्हर दिलीस म्हणतेस, आणि किल्ली नेलीस. मग दिलंस काय?"

"तवापासून," मॅडम मुलींना सांगायच्या, "मी वॉर्डातली वस्तू घरी न्हेत न्हाय. किल्ली न्हाय, पेशंट न्हाय, राग न्हाय. ओव्हर दिली की मागं वळून बघायचं न्हाय." मुली माना डोलवायच्या. पुढच्या तीन वर्षांत प्रत्येकीनं काही ना काही घरी नेलेलं असायचंच, पण किल्ली कुणी नेली नाही.

काटेवाडीला मुलींना घरोघर पाठवायचं असे, बीपी बघायला, लहान मुलांची वजनं करायला. एकदा एका मुलीचा हात असा थरथरत होता की गोठ्यापुढे खाटेवर बसलेले आबा म्हणाले, "बाय, माझं राहू दे, तुझंच बघ आधी." मी खजील झाले. मॅडम म्हणाल्या, "व्हय आबा, बरोबर बोललात." त्यांनी मुलीला खाटेवर बसवलं, पट्टा तिच्या दंडाला बांधला आणि फुगा आबांच्या हातात दिला. आबांनी तो गाईची धार काढावी तशा अंदाजानं दाबला. गोठ्यातल्या सगळ्यांनी त्या मुलीचं बीपी बघितलं, तिला चहा पाजला, मग तिनं आबांचं बघितलं. त्यानंतर तिचा हात कधी थरथरला नाही. आमच्या पुस्तकात भीती घालवायचं एक आख्खं प्रकरण आहे. त्यात आबा नाहीत.

मग तपासणी आली. नर्सिंग कॉलेजात तपासणी म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. महिनाभर आम्ही माणसात नव्हतो. दोनशे फाइलींना नवी कव्हरं चढली. सांगाड्याला ब्रशनं आंघोळ घातली. सुशीलाचा हात गावडे सरांनी चिकटपट्टीनं बसवला आणि वर बाह्यांचा झगा घातला. भोंगा बंद पडला, पाचला कुणाला पाच वाजलेले कळायचेच नाहीत. शेख मॅडमना झोपेत रजिस्टरांचे नंबर ऐकू यायला लागले. मी रोज संध्याकाळी पाकीट मागत होते आणि रोज मॅडम म्हणत होत्या, "सकाळी ये."

तपासायला आलेल्या बाई साठीच्या आसपासच्या, उंच, ओठ घट्ट मिटलेले. सगळं बघत त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि म्हणाल्या, "हे कपाट उघडा." रणपिसे मॅडमनी उघडलं. वरच्या कप्प्यात बरणी होती, 'स्पेसिमेन, उघडू नये' अशी चिठ्ठी लावलेली. बाईंनी उघडली. आत शेंगदाण्याचे लाडू होते. प्राचार्यांनी डोळे मिटले. बाईंनी झाकण लावलं आणि खाली वाकल्या. हाडांचं खोकं सरकवलं. "या पाकिटांत काय आहे?"

पाकिटांत. मी दचकले. माझं तर एकच होतं.

"चालू केसेस हायत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "गोपनीय. अजून डिस्चार्ज न्हाय झाला."

"स्टाफरूममध्ये केसेस?"

"स्टाफच्याच हायत, मॅडम."

बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी शेख मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. गावडे सर खिडकीबाहेर बघायला लागले. "सगळ्यात जुनी केस किती वर्षांची?" बाईंनी विचारलं.

"बावीस," मॅडम म्हणाल्या. "पण स्टेबल हाय."

बाई खुर्चीवर बसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच बसल्या असाव्यात, कारण बसताना त्यांच्या तोंडून आईगं निघालं. त्यांनी बरणी पुन्हा उघडली, एक लाडू घेतला, खाल्ला. सहा दिवसांत हे चौथं कॉलेज आहे, म्हणाल्या, रोज वेगळी गादी, रोज माणसं माझ्याकडे बघून घाबरतात. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, असंच समोरच्या भिंतीला सांगितलं. रणपिसे मॅडम म्हणाल्या, "घेतली." त्याचा अर्थ बाईंना कुणी समजावला नाही, पण त्यांना कळला असावा. जाताना गाडीत बसता बसता विचारलं, "त्या कपाटात अजून एका पाकिटाची जागा आहे का?" तपासणी पार पडली. सुशीलाचा हात तेवढा त्यांनी उचलून बघितला आणि तो त्यांच्या हातात आला. त्याचा शेरा आला.

बावीस वर्षांची केस कुणाची, हे मात्र मी विचारलं नाही. शेख मॅडम बावीस वर्षांपूर्वी शाळेत होत्या.

पाकीट मी सकाळी एकदाच मागितलं. नोकरीचं तिसरं वर्ष चाललं होतं. आदल्या दिवशी एका मुलीचे वडील कॉलेजात येऊन तासभर मला वाटेल ते बोलले, मुलगी गैरहजर राहिली त्याला मीच जबाबदार म्हणून, आणि ऑफिसातून एक माणूस माझ्या बाजूनं उठला नाही. रात्री मला राग आला. सकाळी बघितलं तर राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि मग मला कळलं की आता मी खरंच सोडणार. आठला मॅडम म्हणाल्या, "कसा हाय राजीनामा?" मी म्हणाले, "द्या मॅडम."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. समजूत घातली नाही, नाडी धरली नाही. कपाट उघडलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "ऑफिस अकराला उघडतं," म्हणाल्या. "तवर पोरींना वॉर्डात सोडून ये." कुलूप मात्र त्या दिवशी एकदाही ओढून बघितलं नाही. ते मला दिसलं आणि तरी मी निघाले.

वॉर्डात रात्रीची ड्युटी केलेली माझी एक मुलगी ओव्हर देत होती. पूजा नाव. तीच, जिनं पहिल्या वर्षी पाणी सांडलं होतं. पाच नंबरच्या आजींपाशी तिनं ताप सांगितला, गोळ्या सांगितल्या, लघवी सांगितली. येणारी सिस्टर पुढे सरकली तर पूजा म्हणाली, "सिस्टर, एक राहिलं. आजींना अंधाराची भीती वाटते. दिवा घालवताना सांगून घालवा." आजींनी पांघरुणातून मान हलवली.

हे पुस्तकात नाही. पेशंटची भीतीसुद्धा ओव्हरमध्ये सांगायची, हे मी तिला शिकवलं होतं, आणि मला रणपिसे मॅडमनी. सांगताना मला वाटलंही नव्हतं की कुणाच्या डोक्यात जातंय. मी तिथेच पाच नंबरच्या खाटेचा गज धरून उभी राहिले आणि मला रडू आलं, पण ते सुशीलाच्या पलंगावरचं रडू नव्हतं. अकरा वाजून गेले. दुपारी कॉलेजात आले तर मॅडम जेवायच्या थांबलेल्या, डबा तसाच बंद. मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

"घेतली," त्या म्हणाल्या आणि भाकरी मोडली. त्या दिवशी त्यांनी मला दोन लाडू दिले.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभ चारला होता, पण चार्ज देणं त्यांनी मुद्दाम सकाळी ठेवलं. चार्ज म्हणजे आपल्या ताब्यातल्या वस्तूंची यादी करून दुसऱ्याला मोजून द्यायची. चार्ज मी घ्यायचा, असं त्यांनीच ठरवलं होतं. त्या वाचत होत्या, मी खुणा करत होते. सांगाडा, एक. सुटी हाडं, खोकं एक. बाहुली, एक, डावा हात वेगळा. बरणी, एक. आणि मग त्याच आवाजात, "बंद पाकिटे, चार."

चारही त्यांनी टेबलावर मांडली. लाल शाईतली नावं. मनीषा. शेख. गावडे. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. पाकिटं जास्त आहेत हे तपासणीत कळलं होतं, तरी आतून मला वाटत होतं, या खोलीत मी एकटीच कच्ची आहे. शेख मॅडमना वाटत होतं त्याच. आणि गावडे सर, रोज नवा विनोद सांगणारे गावडे सर, त्यांचे कान लाल झाले होते.

"सकाळ हाय," मॅडम म्हणाल्या. "ज्याचं त्यानं न्या. मी आता घ्यायला न्हाय."

मी माझं उघडलं. दोन पानं, कोपऱ्यातले पाच खोडून ताज्या शाईत दहापैकी नऊ. खाली शेरा होता. 'हिस्टरी चांगली. एक मार्क कापला, पेशंट अजून स्वतःला बरा समजत नाही.' मी ते पाकीट परत बंद करून कपाटात ठेवलं. शेख मॅडमनी ठेवलं. गावडे सर म्हणाले, "माझं राहू द्या तिथंच, घरी बायको वाचेल," आणि आम्ही सगळे जरा जास्तच हसलो.

चौथ्यावर लिहिलं होतं, 'रणपिसे सुमन.' कागद पिवळा पडलेला.

"मॅडम, हे तुमचं," मी म्हणाले. "तुम्ही कुणाला ओव्हर दिली होती?"

"कुणाला देणार? तवा हितं मी एकटीच तर होते," त्या म्हणाल्या. "दोन बॅचा, आणि शिकवायला मी. रोज संध्याकाळी लिहायचे. सकाळी द्यायचं राहायचं." मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, पदर सारखा केला आणि वॉर्डात उभं राहून बोलतात तशा बोलायला लागल्या. "रणपिसे सुमन, वय अठ्ठावन्न. उजवा गुडघा दुखतो, जिना नको. बीपीची गोळी सकाळी, विसरती, आठवण करायची. भूक चांगली. झोप बरी." थांबल्या. आम्हाला वाटलं संपलं. "एक राहिलं. पेशंटला सकाळची भीती वाटती. उद्या सात वाजता पोरी गेटवर न्हाईत, काय करायचं कळत न्हाय. आठच्या सुमारास कुणीतरी बोलायचं तिच्यासंगं."

इतक्या वर्षांत त्यांनी दिलेली स्वतःची ही पहिली ओव्हर. मी शब्द नियमाचाच वापरला.

"घेतली," मी म्हणाले.

समारंभ झाला, भाषणं झाली, मुली रडल्या. पाचला मॅडमचे मिस्टर स्कूटर घेऊन दारात आले. आम्ही पायऱ्यांवर उभे. मॅडम मागे बसल्या, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पर्स आणि नारळ. म्हणाल्या, "भोंगा झाला. जावा घरी." स्कूटर निघाली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, नियम तो नियम. गेटपाशी स्कूटर थांबली. मॅडम उतरल्या आणि गुडघा विचार करत करत टाकत पुन्हा आमच्याकडे चालत यायला लागल्या. हात पुढे केलेला, मूठ बंद.

मुठीत कपाटाची किल्ली होती.

"हसू नकोस," म्हणाल्या. मी हसत नव्हते, पण मागे पोरी हसत होत्या, आणि मग मॅडमही पोट धरून हसल्या. किल्ली माझ्या हातात ठेवून माझी मूठ त्यांनी बाहेरून दाबली आणि परत जाऊन बसल्या.

आमच्या गेटातून जळोचीचा रस्ता डावीकडे वळतो आणि कुंपणाच्या कडेनं बराच लांब जातो. मॅडम डाव्या बाजूला तोंड करून बसलेल्या. म्हणजे मागे वळून बघायची त्यांना गरजच नव्हती, कुंपण संपेपर्यंत तोंड आमच्याकडेच होतं. त्यांनी हात हलवला नाही. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवली होती आणि मान खाली घालून छातीवरचं घड्याळ बघत होत्या. मिनिट पुरं झालं की नाही ते कळलं नाही, त्याआधी ऊस आडवा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी फोन केला आणि पहिलं तेच विचारलं.

"ब्याऐंशी," मॅडम म्हणाल्या. "पुरं मोजलंय. आता तुझा सांग, राजीनामा कसा हाय?"